पंचगंगेकाठचा सागरदेव

कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या समोर, टाऊन हॉलची बाग आहे. रुग्णालयात आपल्या माणसाला भेटायला आलेली खेड्यापाड्यांतील मंडळी या बागेत सावली पाहून बसतात, भाकरीचे फडके सोडतात आणि पुन्हा भेटीची वेळ होईपर्यंत तेथेच कलंडतात. त्यांच्या पाठीशी उतरत्या छपरांची, टोकदार कमानींची एक दगडी वास्तू उभी असते. वसईकडच्या वाचकाला ती प्रथमदर्शनी चर्च वाटली तर नवल नाही. टोकदार कमान पाहिली की आपले डोळे सवयीने क्रूस शोधू लागतात. तेथे क्रूस नाही. १८७२ ते १८७६ या काळात संस्थानाने बांधलेले हे नगरसभागृह आहे. युरोपातील कॅथीड्रलांसाठी जी शैली घडली, ती इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांना, स्थानकांना, रुग्णालयांना आणि सभागृहांनाही लाभली, आणि करवीरच्या मातीत ती अशी रुजली की आज टाऊन हॉलवाचून जुन्या कोल्हापूरचे चित्र कोणाला काढता येणार नाही. या इमारतीत कोल्हापूरचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. त्यातील दोनतीन वस्तूंविषयी, आणि त्या पाहण्याच्या आपल्या सवयीविषयी, या लेखात लिहायचे आहे.

संग्रहालयाचा जन्म १९४६ चा. त्यामागे ब्रह्मपुरीची टेकडी आहे. शहराच्या पश्चिमेस पंचगंगेच्या काठी असलेल्या या टेकडीवर शिशाची, धनुष्यबाणाच्या खुणेची जुनी नाणी पूर्वीपासून सापडत आली होती. १९४०-५० च्या दशकात राजाराम महाविद्यालयातील कन्नडचे प्राध्यापक के. जी. कुंदनगार यांनी तेथे लक्ष घातले, आणि त्यांच्या हाती तांब्या-काशाच्या वस्तूंचा तो साठा आला ज्याला अभ्यासक आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. पाठोपाठ १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी रीतसर उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५२ साली प्रसिद्ध झाला. सातवाहन काळातील विटांची घरे, त्यांच्या वर कितीतरी शतकांनंतरची बहामनी वस्ती, तिच्यातील रंगीत काचेच्या बांगड्या, असा त्या टेकडीचा ऐवज. कन्नडच्या अध्यापकाने मराठी संस्थानात रोमन काळातील मूर्ती उजेडात आणावी, हा योगायोग मला नेहमीच मोठा अर्थपूर्ण वाटत आला आहे.

ती मूर्ती पोसायडनची. ग्रीकांच्या कल्पनेतील हा समुद्राचा स्वामी, भूकंपाचा आणि घोड्यांचाही देव. ब्राँझची ही प्रतिमा उंचीने वीतभरही भरणार नाही. दाढीधारी, विवस्त्र, प्रौढ पुरुष. एका पायावर देहाचा भार टाकून तो उभा आहे आणि दुसरा पाय सैल सोडलेला आहे, त्यामुळे कमरेला एक सहज बाक आला आहे. उंचावलेल्या हातात एके काळी त्रिशूळ असला पाहिजे. आज तो नाही. त्रिशूळ गेल्यामुळे मूर्तीचे काही बिघडले आहे असे मला वाटत नाही, उलट तो रिकामा हात पाहणाऱ्याला क्षणभर थांबवतो. घडण सफाईदार आहे. छातीचे आणि पोटाचे स्नायू इतक्या लहान आकारातही नेमके उतरले आहेत. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील ही कृती भूमध्य समुद्राच्या काठी कोठेतरी ओतली गेली आणि जहाजाने आपल्या किनाऱ्याला आली, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. चौल, कल्याण ही बंदरे त्या काळच्या ग्रीक खलाशांना ठाऊक होती. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील नौकाग्रंथात त्यांची नावे आहेत. तेव्हा अशाच कोणत्या तरी बंदरात उतरून, बैलाच्या पाठीवर वा गाड्यात घाट चढून, हा सागरदेव पंचगंगेकाठी पोहोचला असणार. ज्याच्या राज्यात खारे पाणी, त्याचे बिऱ्हाड अखेर गोड्या पाण्याच्या काठी पडले.

या मूर्तीविषयी आपल्याकडे जे बोलले आणि लिहिले जाते, त्याची मला तक्रार आहे. वर्तमानपत्री लेखांतून आणि प्रवासपुस्तिकांतून तिची ओळख एका ठरावीक साच्यात होते: दोन हजार वर्षांपूर्वी कोल्हापूरचा थेट रोमशी व्यापार होता, त्याचा हा पुरावा. एवढे वाक्य लिहून झाले की लेखकाचे समाधान होते आणि वाचकाची छाती फुगते. मूर्ती कशी आहे, ती ज्यांच्या घरात होती त्यांनी तिचे काय केले असेल, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. मुळात 'थेट' हा शब्दच बळेच घातलेला. एक मूर्ती सापडली म्हणजे रोमन व्यापारी कोल्हापूरच्या पेठेत हिंडत होते असे होत नाही. ती चार हातांतून, चार बाजारांतून आली असेल. एखाद्या इथल्याच श्रेष्ठीने ती नवलाई म्हणून घेतली असेल, किंवा कासाराने निव्वळ धातूच्या मोलाने. तिची कोणी पूजा केली असे म्हणायला आधार नाही आणि केली नाही असे छातीठोकपणे म्हणायलाही नाही. अभिमानाला मात्र असल्या अडचणी नसतात. रोमने आपली दखल घेतली होती, एवढ्यावर तो तृप्त असतो. या तृप्तीत एक न्यूनगंड दडलेला आहे हे आपल्या लक्षात येत नाही.

याच न्यूनगंडापायी त्याच साठ्यातील हत्ती मागे पडला. तळहातावर मावेल एवढासा ब्राँझचा हत्ती, पाठीवर दाटीवाटीने बसलेले स्वार. कोल्हापूर संग्रहालयातील सर्वांत श्रेष्ठ कलाकृती कोणती असे मला विचाराल तर मी विनासंकोच या हत्तीकडे बोट दाखवीन. पोसायडन ही उत्तम कारागिरी आहे, पण ती ठरलेल्या नमुन्याची कारागिरी आहे. असा देव असाच उभा राहतो, हे मूर्तिकाराला आधीच माहीत होते आणि त्याने ते बिनचूक केले. हत्ती घडविणाऱ्याला मात्र हत्ती माहीत होता. त्या जनावराचे वजन, सोंडेचा डौल, पाठीवरच्या माणसांनी एकमेकांना रेलून बसणे, हे सारे रोजच्या पाहण्यातून आले आहे. तेथे शरीरशास्त्राचा हिशेब सापडणार नाही, स्वारांचे देह ठोकळ आहेत. पण मिरवणुकीची लगबग त्या इवल्या धातूत आजही जाणवते. कार्ल खंडालावाला यांच्यासारख्या जाणकाराने या साठ्यातील धातुवस्तूंचा स्वतंत्र परामर्श 'ललित कला'मध्ये १९६० साली घेतला होता. अभ्यासकांना हत्तीचे मोल कळले नाही असे नव्हे. पण छायाचित्र छापायची वेळ आली की पोसायडन पुढे येतो, आणि तोही एकटाच.

एकटा छापणे, ही माझ्या मते मूळ चूक. पोसायडन एकटा सापडलेला नाही. त्याच्याबरोबर आरसा होता, भांडीकुंडी होती, हत्ती होता. त्यांतील थोड्याच वस्तू भूमध्य प्रदेशातून आलेल्या; बहुतेक इथल्या. साठा म्हणजे कोणा तरी माणसाने एकत्र ठेवलेली चीजवस्तू. तिच्यातून एक वस्तू उचलली की आपल्याला त्या वस्तूची माहिती मिळते, माणूस मात्र निसटतो. चीनमध्ये शीआन येथील शेन्शी इतिहास संग्रहालयात याचे एक अनुकरणीय उदाहरण आहे. १९७० मध्ये शीआनच्या हच्या या गावी बांधकामाच्या खोदाईत थांग राजवटीतील हजाराहून अधिक वस्तूंचा साठा मातीच्या रांजणांतून बाहेर आला. त्यात चिनी सोन्याचांदीची भांडी होती. शिवाय बायझंटाईन सम्राट हेराक्लियसचे सोन्याचे नाणे, इराणच्या खुस्रोचे चांदीचे नाणे, जपानची नाणी, असा देशोदेशींचा ऐवज होता. हा साठा तेथे स्वतंत्र दालनात एकत्र मांडलेला आहे. हेराक्लियसचे नाणे नाणेविभागात आणि पेला भांडेविभागात, अशी त्याची वाटणी केलेली नाही. त्यामुळे पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो असा: हे सारे जपून ठेवणारा कोण असेल? ब्रह्मपुरीच्या साठ्याविषयी हाच प्रश्न आपण पहिल्याने विचारायला हवा. ज्या हातांनी पोसायडन ठेवला त्याच हातांनी हत्तीही ठेवला. 'परदेशी' आणि 'एतद्देशीय' हे दोन कप्पे त्या हातांना ठाऊक होते का?

आता थोडे आपल्या घरचे बोलू. आपल्यापैकी अनेकांना, शाळेत असो वा कचेरीत, केव्हा ना केव्हा ऐकावे लागले आहे की तुमचा धर्म जहाजातून आला. म्हणणारा पुष्कळदा दुष्टाव्याने म्हणत नाही, सहज बोलून जातो. आणि ते जास्त लागते. असा माणूस टाऊन हॉलमध्ये पोसायडनपुढे उभा राहिला की त्याच्या मनात एक उत्तर तयार होते: पाहा, जहाजातून आलेले तुम्हीही जपून ठेवलेच आहे की! मी स्वतः पहिल्या भेटीत या मोहाला बळी पडलो होतो, हे कबूल करतो. पुढे विचार करता हे उत्तर लंगडे आहे असे ध्यानात आले. काचेच्या कपाटात ठेवलेल्या वस्तूचे स्थान पाहुण्याचे असते. पाहुण्याला कोणी हात लावीत नाही, त्याच्याकडून कोणी काही मागत नाही. आपले या भूमीशी असलेले नाते या मूर्तीवरून सिद्ध करायला निघालो, तर आपणही कपाटातच जाऊन बसू.

मूर्तिपूजकांच्या देवतेविषयी एका कॅथलिक नियतकालिकात इतके कौतुकाने का लिहावे, असाही प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात येईल. त्याला उत्तर देणे सोपे आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात संत पॉल माल्टा बेटावरून रोमकडे निघतात, ते आलेक्झांड्रियाच्या एका जहाजातून. आणि त्या जहाजावर कॅस्टर व पोलक्स या जुळ्या देवांचे चिन्ह आहे, याची लूकने मुद्दाम नोंद केली आहे. खलाशांचे रक्षण करणारे हे देव. सुवार्ता रोमला नेणारा प्रेषित त्या चिन्हाखाली बसून गेला आणि त्याला त्याचे काही वावडे वाटले नाही. आपला पोसायडन त्याच जगातला, आणि जवळपास त्याच काळातला. आणि १५०६ साली रोमच्या एका द्राक्षमळ्यात लाओकूनचे शिल्प सापडले तेव्हा दुसऱ्या ज्यूलियस पोपमहाशयांनी ते विकत घेऊन व्हॅटिकनमध्ये ठेवले. हा लाओकून व्हर्जिलच्या कथेत समुद्रदेवाचाच पुरोहित आहे! तेव्हा शंका नसावी.

मुख्य मुद्दा वेगळा आहे. परक्या मुलखातून आलेले आपले केव्हा होते? त्याचा शोध घेताना मला कोल्हापूर सोडून कार्ल्याला जावे लागते. तेथील चैत्यगृहाच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत धेनुकाकट या गावचे अनेक यवन आहेत. यवन म्हणजे ग्रीक, किंवा निदान पश्चिमेकडून आलेले लोक. त्यांचे लेख ग्रीक लिपीत नाहीत. ब्राह्मी लिपीत, इथल्या प्राकृतात आहेत. एका यवनाचे नाव सिहधय, दुसऱ्याचे धम्म. नावेही इथलीच झाली. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी खोदवून दिली. त्यासाठी लेखात जो 'पोढी' शब्द आला आहे तो आजही आपले डोंगर चढणारे लोक वापरतात. आता कार्ल्याच्या त्या खांबांच्या माथ्याकडे पाहावे. तेथे गुडघे टेकलेले हत्ती आहेत, आणि त्यांच्या पाठीवर स्वार आहेत. म्हणजे यवनाने दिलेल्या खांबावर इथला हत्ती! ब्रह्मपुरीच्या साठ्यात जे दोघे शेजारी शेजारी नुसते पडून राहिले, ते कार्ल्यात एकाच दगडात एक झाले आहेत. दोहोंत फरक पडला तो लेखाने. कार्ल्याचा यवन इथल्या बोलीत बोलला आणि त्याने काही दिले. पोसायडन काही बोलला नाही. त्याच्यापाशी बसून कोणी त्याला प्राकृत शिकविले नाही, त्याची कथा कोणी इथल्या भाषेत सांगितली नाही. निदान आपल्यापर्यंत तरी ती पोहोचली नाही.

पुन्हा शीआनकडे वळतो, कारण याच मुद्द्याचे सर्वांत बोलके उदाहरण तेथे आहे आणि ते ख्रिस्ती आहे. त्या शहरातील 'शिलालेखांचे वन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयात ७८१ साली उभारलेली एक शिळा आहे. उंची पावणेतीन मीटरच्या घरात. ६३५ साली अलोपेन नावाचा धर्मगुरू पश्चिमेकडून राजधानीत आला, सम्राटाने त्याचे स्वागत केले, आणि पुढे दीडशे वर्षे हा धर्म कसा वाढला, याची हकीकत तीवर अभिजात चिनी भाषेत कोरली आहे. रचणारा आदाम नावाचा धर्मगुरू. त्याचे चिनी नाव जिंगजिंग. ख्रिस्ती धर्माला त्याने दिलेल्या नावाचा अर्थ 'तेजोमय धर्म' असा होतो. कडेला सुर्यानी लिपीत धर्मगुरूंची नावे आहेत. दूरदेशीच्या महागुरूचे, हनानिशोचे, नावही आदराने घातले आहे. आणि गंमत अशी की शिळा उभारली तेव्हा हनानिशो हयात नव्हता. त्याच्या मृत्यूची वार्ता चीनपर्यंत आलेली नव्हती! मातृसंस्थेपासून इतक्या लांब राहूनही त्या लोकांनी आपल्या श्रद्धेला चिनी भाषेत घर बांधून दिले होते.

सतराव्या शतकात ही शिळा जमिनीतून वर आली. जेज्वीट फादर आल्व्हारो सेमेडो यांनी ती पाहिली, पण कडेची अक्षरे त्यांना लागेनात. पुढे प्रवासात ते केरळात क्रांगनूरला आले, तेव्हा तेथील संत थोमाच्या ख्रिस्ती लोकांचे ग्रंथ जाणणाऱ्या एका जेज्वीट बांधवाने त्यांना सांगितले की ही तर सुर्यानी. चीनमधील दगडाची किल्ली भारतात होती. आपल्याला यात आणखी एक धागा आहे. सहाव्या शतकातील कॉसमस या प्रवाशाने 'कॅलिआना' येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे, आणि हे कॅलिआना म्हणजे आपले कल्याण असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तसे असेल तर कल्याणचा तो बिशप आणि चीनला गेलेला अलोपेन एकाच पौर्वात्य ख्रिस्तसभेचे ठरतात. चीनमध्ये त्या सभेने चिनी भाषेत आपली शिळा मागे ठेवली. कल्याणच्या ख्रिस्ती लोकांचा तसा एकही लेख हाती आलेला नाही. त्यांनी लिहिले नाही, की लिहिलेले नष्ट झाले? काहीही असो, आपल्या स्मृतीत त्यांचे एकही नाव नाही, आणि धेनुकाकटच्या सिहधयाचे मात्र आहे.

हजार वर्षांनी ती उणीव फादर थॉमस स्टीफन्स यांनी भरून काढली. हा इंग्रज माणूस १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला पोहोचला. त्याच सुमारास मात्तेओ रिच्ची हा तरुण इटालियन जेज्वीटही गोव्यात शिकत होता. १५८२ मध्ये तो चीनकडे निघाला. दोघांची पुढची आयुष्ये मला नेहमी शेजारी ठेवून पाहावीशी वाटतात. रिच्चीने १६०३ मध्ये स्वर्गाधिपतीविषयीचा आपला ग्रंथ चिनीत प्रसिद्ध केला. स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे, मराठीत, रोमन लिपीत छापलेले. स्वर्गाला वैकुंठ म्हणताना त्यांचा हात कापला नाही. त्यांच्या हयातीत आणि नंतर १६४९ व १६५४ मध्ये निघालेल्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ उरला तो माणसांनी हाताने उतरून घेतला म्हणून, म्हणून दाखविला म्हणून. कागद गेला, पण ओवी टिकली.

हेच गोव्याच्या हस्तिदंती बाल-मेंढपाळाच्या मूर्तींतही दिसते. जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कलासंग्रहालय ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या कलेची जातकुळी ठाऊक असेल. उंच डोंगरासारख्या बैठकीवर बाळ येशू बसलेला, गाल हातावर टेकलेला, डोळे मिटलेले. खाली झरा, मेंढरे, आणि तळाशी पहुडलेली मारिया माग्दालेना. विषय युरोपातून आला. पण मिटल्या डोळ्यांची ती निश्चलता कोरणाऱ्याने आपल्या घरून आणली. ध्यानस्थ बुद्ध वा योगी पाहिलेल्या डोळ्यांची ती आठवण आहे. त्या कारागिरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. तरी पोसायडनला जे लाभले नाही ते त्या बाळाला लाभले: त्याला कोणी तरी आपल्या हाताने पुन्हा घडविले.

उलट दिशेनेही हे घडले आहे, आणि ते मान्य करताना आपल्या समाजाला जरा जड जाते. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा चर्चमधील घंटा मराठी सरदारांनी नेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात १७२१ ची आहे. वाईजवळच्या मेणवलीत १७०७ ची, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली पवित्र मारिया. मेणवलीला गेलेला आपला माणूस हळहळतो, आणि ती हळहळ खोटी नाही. लूट ती लूटच. परंतु तेथील लोकांच्या कानांना त्या घंटेचा नाद परका राहिलेला नाही, आणि तो आता कोणी परत आणू म्हटले तर येणारही नाही.

या सगळ्यानंतर टाऊन हॉलमध्ये परत येऊन आबालाल रहमान यांच्या चित्रांपुढे उभे राहावे. बहुतेक प्रेक्षक तोवर दमलेले असतात. मूर्ती पाहून झाल्या, तोफा पाहून झाल्या, आता बाग. माझी विनंती आहे की अर्धा तास इकडे राखून ठेवावा. आबालाल कोल्हापूरचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत इंग्रजी पद्धतीचे शिक्षण घेऊन परतले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. तेथून पुढे कोटितीर्थ हे तळे हाच त्यांचा ध्यास झाला. पहाटे, दुपारी, सांजवेळी, पावसाआधी आणि पावसानंतर त्यांनी ते पाणी रंगविले. १९३१ मध्ये ते वारले आणि मागे फारच थोडी चित्रे उरली. त्यांतील काही येथे आहेत.

आबालाल यांच्यावर लिहिणारे त्यांना फ्रेंच दृक्प्रत्ययवाद्यांच्या रांगेत बसवितात. पोसायडनच्या बाबतीत झाली तीच चूक येथे उलट्या बाजूने होते. एकीकडे रोमची मूर्ती सापडली म्हणून आपण मोठे, दुसरीकडे आपला चित्रकार पॅरिसच्या चित्रकारांसारखा म्हणून मोठा. चित्राजवळ गेले तर काय दिसते? जलरंगाचे छोटे छोटे ठिपके, ओल्या कागदावर सोडलेले. जवळून पाणी दिसत नाही, नुसते हिरवे-जांभळे डाग दिसतात. चार पावले मागे सरले की त्यांचे तळे होते, काठची झाडे होतात, झाडांखाली ओलसर अंधार साचतो. हे कसब कलाशाळेत मिळाले, कागद आणि रंग विलायतेहून आले. पण दम आहे तो एकाच पाण्याकडे वर्षानुवर्षे पाहत राहण्यात. आकाश त्यांनी क्वचितच मोठे ठेवले. नजर खाली, पाण्याच्या पातळीवर.

एका मुसलमान चित्रकाराने हिंदूंच्या तीर्थाचे पाणी, इंग्रजी शाळेत शिकलेल्या हाताने रंगविले आणि ते गॉथिक कमानीखाली टांगलेले आहे. हे वाक्य लिहिताना मला जेवढे नवल वाटते तेवढे आबालाल यांना वाटले असेल असे वाटत नाही. ते रोज सकाळी उठून तळ्याकाठी जात होते, एवढेच. कोटितीर्थाचा तो काठ आता घरांनी वेढला आहे. संग्रहालयातून बाहेर पडल्यावर मी तिकडे गेलो होतो. पाण्यावर शेवाळाचा हिरवा थर होता आणि एक म्हातारा पायरीवर बसून कपडे धूत होता. त्याच्या हाताशी पाणी हलले की थर फाटे, खालचा काळोख दिसे आणि पुन्हा मिटून जाई.